ताईला न सांगितलेलं

"पाणी पुन्हा भरलं यात नवल नाही," ताईच्या पाठीत, दोन बरगड्यांच्या मधे सुई घालता घालता नवी डॉक्टरीण सहज बोलून गेली, "पहिल्या वेळीच त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या ना! तुमच्या भावाला तेव्हाच सगळं सांगितलंय..."

उशी कवटाळून ओणवी बसलेली ताई जागच्या जागी गोठली. फुप्फुसाभोवती साचलेलं पिवळट पाणी नळीतून बाटलीत उतरत होतं, श्वास मोकळा होत होता, आणि काळीज मात्र आवळत चाललं होतं! फुप्फुसात गाठ आहे, पण वेळेत सापडली. पाणी काय, अशक्तपणाचं... असंच तर भावाने सांगितलं होतं!

सुई निघाल्यावर तिने विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टरीण चपापली, खुर्ची ओढून समोर बसली. "नेमकं कुणीच सांगू शकत नाही. पाण्यात पेशी आल्या की बहुतेकांच्या हाती काही महिनेच असतात. औषध लागू पडलं तर काही जण जास्तही काढतात."

आई-वडील गेले तेव्हा ताई एकोणीसची, भाऊ नऊचा. बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवून, आलेली स्थळं परत पाठवून तिने त्याला मास्तर केलं. त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा त्याची लेकही तिनेच उराशी धरली... ती चिमणी! चार महिन्यांपूर्वी ती शिकायला दूरच्या शहरी निघाली, तेव्हा दारात तिचा पाय अडला होता. "आत्या, राहू का गं?" आणि ताई हसत म्हणाली होती, "जा बाई, दोन वर्षांत मी ठणठणीत!" शेजारी बॅग धरून भाऊ उभा होता... खाली मान घालून!

बाहेर बाकावर तो दिसताच ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

तो बाकावरून उठला. "ताई... कळलं असतं तर चिमणी गेलीच नसती. तुझं सगळं आयुष्य मी खाल्लं, आता तिचंही..."

"अरे, मग मला विचारायचं होतंस! मीच पाठवलं असतं तिला. पण डोळे भरून पाहिलं तरी असतं रे! आयुष्यभर मागशील ते दिलं मी तुला... हे एवढं मात्र तू चोरलंस!"

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने स्वतःच चिमणीला फोन लावला, काही न लपवता सगळं सांगितलं.

"बाबांना माहीत होतं?" पलीकडून हुंदक्यातून प्रश्न आला.

आजवर त्याची प्रत्येक चूक तिने पदराखाली घेतली होती. दारात उभ्या भावाकडे बघत ती म्हणाली, "हो."

चिमणी शनिवारी आली, ती वर्षभराची रजा घेऊनच. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत्याच्या कुशीत शिरली. भाऊ उंबऱ्याशीच घुटमळला. हातात इतके दिवस शाळेच्या कपाटात दडवलेले ताईच्या तपासण्यांचे सगळे कागद होते.

"वाचून दाखव," ताई म्हणाली. "दोघींना."

तो वाचू लागला. दुसऱ्याच ओळीला अडखळला, चष्मा भिजला. "ताई, मला नाही गं जमत... तू नसशील हे मोठ्याने म्हणायलाच नाही जमलं मला!"

ताई धापा टाकत पलंगावर थोडी सरकली, त्याच्यापुरती जागा केली.

"बस इथे. पाणी पी," ती म्हणाली. "आणि पुढचं वाच. एक शब्दही गाळू नकोस."