विटांवरचं टेबल

"काका, तुम्ही समुद्र कधी पाहिलाय तरी का?"

हे विचारून दाखवायची पैज मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. जन्मभर समुद्रावर कादंबऱ्या लिहिणारा माणूस या कोरड्या गावाबाहेर कधी गेलाच नाही, असं सगळे म्हणायचे. तिला वर्गात 'भोंगा' म्हणत. गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं. सोबत आलेल्या दोघी मात्र बेल वाजताच पसार झाल्या.

लेखककाका हसले नाहीत. "नाही पाहिला. आत ये."

खोलीत टेबल आणि खुर्ची विटांच्या थरांवर चढवून ठेवली होती. भिंतीवर मिठाची पांढरी रेघ, तिच्यावर दुसरी, तिसरी. सगळ्यात वरची तिच्या कमरेएवढी.

"ओल आलीय वाटतं."

"दर कादंबरीला विटा वाढवाव्या लागतात. मी कुठे जात नाही. लिहायला बसलो की समुद्रच येतो. लिहून संपलं की ओसरतो."

म्हातारा फेकतोय मस्त, तिला वाटलं. "मीपण लिहिते की. मला लेखिकाच व्हायचंय."

"बघ लिहून." त्यांनी कागद सरकवला. "पण एकदा घर कळलं की तो वाट चुकत नाही."

ती खुर्चीवर चढून बसली. पहिलं वाक्य सुचलं. दुसरं आपोआप आलं. इतकं सुंदर तिने कधीच लिहिलं नव्हतं.

खिडकीतला उजेड हिरवट झाला. बुटांत काहीतरी गार शिरलं.

खाली बघायचा धीर होईना. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "काकू कुठे असतात?"

काकांनी शेजारच्या बंद दाराकडे पाहिलं. "मागच्या कादंबरीला टेबलाखाली विटा वाढवल्या. तिच्या पलंगाखाली वाढवायच्या राहून गेल्या. दुपारची झोपली होती."

ती उठली ती थेट रस्त्यावर. पुन्हा लिहायचं नाही, असं तिने वाटभर स्वतःला बजावलं. डोक्यात तिसरं वाक्य आलं. चौथं आलं.

"पावसाचा पत्ता नाही आणि बूट कसे भिजले गं?" घरी दारातच आई म्हणाली. "डुंबायला गेली होतीस?"

बाबा वर्तमानपत्रातून हसले. त्यांच्या खुर्चीखालची फरशी ओली दिसत होती. तिने बोट लावून चाखलं. खारट.

"मी लेखिका होणार," ती म्हणाली.

"बरं, बाईसाहेब. आम्ही काय करायचं?"

"विटा आणा, बाबा. आजच. आधी तुमच्या पलंगाखाली लावू."