जेवायला बोलावलेला

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. रूपाली माझी सख्खी मावसबहीण, सदलग्याला दिलेली. तिनं सांगितलं तेच लिहितेय, पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. रविवार. संध्याकाळचे साडेपाच.

रूपाली, तिचा नवरा कुमार आणि सासरे आप्पाण्णा समुद्र बघायला गेले होते. खानापूर-लोंढा करत घाट उतरलं की कारवारच्या बाजूला एक राखीव जंगल आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. डोंगर आणि झाडी तिथं थेट पाण्यापर्यंत उतरलीय. आप्पांनी सत्तर वर्षांत ऊस आणि तंबाखू सोडून फारसं काही बघितलं नव्हतं. आणि कुमारला फोटोचं वेड. एका फोटोत समुद्र, चाळीस फोटोंत कुमार.

आम्ही जैन. कुठंही असलो तरी दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. रूपालीनं वाळूवर चटई टाकली. भाकरी, मटकीची उसळ, दही वाढलं.

किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं... मागच्या जंगलातली पाखरं गप्प झाली होती.

लाटा फुटत होत्या. पण आवाज येत नव्हता.

आणि खडकांपाशी... गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. पांढरं धोतर. तोंड यांच्याकडं.

आप्पांनी हातात घास धरूनच हाक दिली, "या जेवायला!"

यात वावगं काही नाही. आमच्या भागात जेवताना कोणी दिसलं की असं म्हणायचंच, मग तो वैरी का असेना. समोरच्यानं "होऊ द्या" म्हणायचं आणि पुढं जायचं. खरंच कोणी येऊन बसत नाही. बसला तर बाईमाणसाची पंचाईत, भाकऱ्या बेतानंच थापलेल्या असतात.

तो माणूस "होऊ द्या" म्हणाला नाही.

नुसता बघत राहिला. रूपालीनं दही वाढायला मान खाली घातली, वर केली... तिथं कोणी नव्हतं.

परतताना जंगलाच्या गेटवरचा रखवालदार मष्णू खानापूरकडचाच निघाला. आप्पांनी त्याला सहज विचारलं, "पाण्यात उभा हुता त्यो कोण वो? जेवायला बोलावलं तर गप्पच."

"'व्हऊ द्या' म्हटलं न्हाय त्यानं?"

"न्हाय बा."

मष्णूनं गेटची साखळी हातातच धरून ठेवली.

"लई वंगाळ झालं, आण्णा. त्यो येतोय आता. चालत येतोय. आमच्या गावच्या मारुतीरावांनी असंच बोलावलतं. त्यो घरी येऊन ताटाला बसला. त्या दिवसापासनं मारुतीरावांच्या गळ्याखाली घास उतरला न्हाय. दीड महिन्यात गेले."

कुमारनं हसण्यावारी नेलं. म्हणाला, "येऊ दे की चालत. सदलगा काय हितं हाय?"

ती रात्र त्यांनी खानापूरला कुमारच्या मित्राकडं, नागोजीकडं काढली. दुसऱ्या दिवशी बेळगुंदीच्या मालुबाईंना भेटून घरी आले. मालुबाई आप्पांच्या जुन्या ओळखीच्या.

शुक्रवारी नागोजीचा फोन आला.

"कुमार, तुमचा पाव्हणा आलता रं, दिवस मावळताना. सदलग्याची वाट विचारत हुता. आप्पांनी जेवायला बोलावलंय म्हणाला. मी बस म्हटलं, तर पाणीबी घेतलं न्हाय."

"दिसायला कसा हुता?"



"तेच आठवंना झालंय बघ. धोतर तेवढं गुडघ्यापर्यंत ओलं हुतं."

फेब्रुवारीत खानापुरात कुठला आलाय पाऊस?

रविवारी बेळगुंदीहून मालुबाईंचा फोन. तीच वेळ. तेच बोलणं. तेच ओलं धोतर.

त्या दिवसापासून कुमारचं हसणं बंद झालं.

रूपालीनं हिशेब केला. बेळगुंदीहून सदलगा, चालत तीन दिवस... म्हणजे बुधवार.

माझ्या बहिणीचा बाप ती पाळण्यात असताना गेला. बाप कसा असतो ते तिला आप्पांनीच दाखवलं. त्यांचा घास कोणी तोडणार, या विचारानंच तिच्या जिवाचं पाणी झालं होतं.

बुधवारी तिनं चारलाच स्वयंपाक केला.

"आप्पा, तुम्ही आदी जेवून घ्या."

आप्पांनी सोप्यात दोन पाट मांडले होते. समोरासमोर.

"पाव्हण्याला बोलवून आपण आदी जेवायचं? असलं कधी झालंय व्हय आपल्या घरात?"

"मष्णू काय म्हणाला ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं की. पण शब्द मी दिलाय, बाळ. आता मागं कसा घ्यायचा?"

पाच वाजले. साडेपाच. सहा.

आप्पा जेवेनात. कुमार गेटला आतून साखळी लावून आला आणि खुर्चीत बसून राहिला. रूपाली उंबऱ्यात उभी राहून उसाच्या वर टेकलेल्या सूर्याकडं बघत होती. मावळ बाबा, लवकर मावळ. एवढंच मनात चाललेलं.

मग गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली.

शेजारच्या गिरणीचा आवाज बंद पडला.

आणि कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून... पाण्यातून चालल्याचा आवाज यायला लागला.

चुबुक... चुबुक...

सूर्याची नुसती कड राहिली होती.

चुबुक... चुबुक...

गेटपाशी थांबला.

साखळी आपोआप खाली पडली.

आप्पा पाटावरून उठले. हात जोडले. तोंड उघडलं... आणि रूपालीनं झटक्यात पुढं होऊन दार लावून घेतलं. सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवणारी ती, दाराला पाठ लावून ओरडली,

"दिवस मावळला! आमच्यात आता जेवत न्हाईत! उद्या या!"

सगळं शांत.

मग दाराच्या पलीकडून, अगदी तिच्या कानाशी, कोणीतरी म्हणालं...

"बरं."

पावलं मागं फिरली. गिरणी पुन्हा सुरू झाली.

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. "रूपा... काय बोललीस गं हे?"

तेव्हा कुठं तिला कळलं. पाहुण्याला परत पाठवताना जे तोंडात बसलेलं असतं, तेच ती बोलून गेली होती. आता बोलावणं तिचं होतं.

तेव्हापासून तो रोज येतो. ते घर रोज पाचला जेवून भांडी पालथी घालतं. दिवस मावळला की रूपाली दारामागं उभी राहते आणि म्हणते, "उद्या या." पावलं परत जातात.

मी तिला विचारलं होतं, "येऊ नका म्हणून बघितलंस का?"

"एकदा बोललेच न्हाय," ती म्हणाली. "गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आप्पांना भाकरी गिळंना. माझ्याबी घशाखाली पाणी उतरंना. संध्याकाळी परत 'उद्या या' म्हटलं, तेव्हा कुठं दोघांचं सुटलं."

हे सगळं तिनं मला परवा सांगितलं. शनिवारी दारामागून "उद्या या" म्हणून झाल्यावर, रात्रीच्या बसनं ती निपाणीला आमच्याकडं आली होती. वर्षभरात पहिल्यांदाच घर सोडून बाहेर राहिली. म्हणाली, लई दमलेय गं, दोन दिवस झोपू दे.

काल, रविवारी संध्याकाळी मी आतल्या खोलीत होते. ती कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन बघितलं तर ती आमच्या दारामागं उभी होती.

आज सकाळच्या बसनं ती सदलग्याला गेली.

आता सहा वाजून दहा मिनिटं झालीत. आज आमच्याकडं स्वयंपाकाला उशीर झाला. पोरं आत्ता कुठं ताटावर बसलीत. सूर्य मावळायला अजून वेळ आहे. सकाळपासून मी रूपालीला फोन लावतेय. तिला एवढंच विचारायचं आहे, की काल ती "उद्या या" म्हणाली, ते बोलावणं कुणाच्या घरचं धरायचं?

खालच्या गल्लीतली कुत्री मघाशी भुंकत होती. आता गप्प आहेत.