सभासद क्रमांक एक

गेणू मास्तरांनी एका पत्राचं उत्तर दिलं नाही.

चूक एवढीच. बाकीचं सगळं तिच्यातून निघालं.

ही हकीकत खरी आहे. मास्तर माझे मेहुणे. मला ती नीट सांगता येईल का, याची शंका वाटते. पण पदरचं काही घातलेलं नाही. ठिकाण, मास्तर सांभाळतात ते अवसरी बुद्रुकचं वाचनालय. दिवस सोमवार, ११ सप्टेंबर २०२३. रात्र नव्हती. सकाळचे दहा वाजले होते.

पत्र त्याआधी, ३ जुलैला आलं होतं. अमृतचं, तळेघरहून.

अमृत इंजिनियरिंग शिकायला अवसरीत खोली घेऊन राहायचा आणि वाचनालयात पडीक असायचा. शेवटच्या वर्षी त्यानं मास्तरांना एक प्रोग्रॅम लिहून दिला. कुणी कुठलं पुस्तक नेलं, कुणाला कुठलं हवंय, सगळं कॉम्प्युटरवर. दर सोमवारी मागणी यादीचा कागद प्रिंटरमधून निघायचा. टाइप करून झालं की अमृत एंटरचं बटण दोनदा दाबायचा. टक्... टक्.

"एकदा कॉम्प्युटरसाठी, एकदा माझ्या समाधानासाठी," असं म्हणायचा. "आणि सर, तपासून बघायला पहिला सभासद माझ्याच नावाचा टाकलाय. नंतर काढून टाका."

मास्तरांनी काढला नाही. चुकीचं बटण दाबलं तर सगळंच जाईल, ही धास्ती.

पुढे अमृत पुण्यात नोकरीला लागला. चार वर्षांनी ती कंपनी बंद पडली आणि तो गावी, तळेघरला परतला. पत्राला त्यानं बायोडाटा जोडला होता. अनुभव, प्रकल्प, येणाऱ्या भाषा. जावा, पायथन. मास्तरांना भाषा म्हणजे मराठी, आणि थोडीफार संस्कृत.

पत्रात लिहिलं होतं, 'सर, नवी कंपनी कामाचा पुरावा मागते. जुन्या ऑफिसात फोन उचलायलाही कुणी नाही. माझं काम डोळ्यांनी पाहिलेले आता तुम्हीच. वाचनालयाचा प्रोग्रॅम मी लिहिला, एवढ्या दोन ओळी सहीनिशी पाठवा. पाकीट सोबत आहे.'

पाकिटाला तिकीट लावलेलं होतं. वर अमृतच्याच अक्षरात अमृतचा पत्ता.

मास्तरांनी अकरा मसुदे केले. अकराही फाडले. 'प्रणाली' लिहावं की 'प्रोग्रॅम'? आपल्या सहीला कंपनीत कोण विचारणार? आपला एखादा शब्द चुकला तर पोराचंच नुकसान. उद्या लिहू म्हणता म्हणता पाकीट खणात गेलं.

५ ऑगस्टला अमृत गेला. तळेघरला त्याच्या घरात रेंज नव्हती. कंपनीला फोन लावायला तो धुक्यात टेकाडावर चढला. शेवाळलेल्या कातळावरून पाय सरकला.

११ सप्टेंबरच्या त्या सोमवारी मास्तर यादी काढायला बसले होते. समोर रोज येणारे जानकूअण्णा पेपर वाचत होते.

"दाबा की बटन, मास्तर. चावत न्हाई त्ये."

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. अमृतची आई, चिमाबाई. दोन एसट्या बदलून आलेली. तिला पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरून ठेवलं.

"मास्तर, आमच्या अमृतनं तुमाला पत्र धाडलं व्हतं का? रोज पोस्टमनच्या वाटंवर बसायचा. म्हनायचा, सरांचं उत्तर आलं की काम झालं." ती थांबली. "पत्र पोचलंच नसंल तर तसं सांगा. जिवाला बरं वाटंल."

मास्तरांची नजर खणाकडे गेली.

"नाही पोचलं," ते म्हणाले.

"वाटंतच गहाळ झालं म्हनायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोचलं असतं तर तुमी लिवलंच असतं. मला ठाव हाये."

ती गेली. एसटीचा आवाज लांब गेला. वाचनालयात एकदम काही ऐकू येईना. पंख्याचासुद्धा नाही.

मास्तरांनी हात पुढे केला. बोट अजून बटणाला लागलं नव्हतं...

टक्... टक्.

प्रिंटरमधून कागद सरकला. यादीत एकच नाव होतं.

सभासद क्र. १. अमृत. मागणी : दोन ओळी. प्रतीक्षा : ७० दिवस.

मास्तरांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. ३ जुलैपासून.

बरोबर सत्तर.

त्या दिवशी त्यांनी धीर करून पहिला सभासद काढून टाकला. दुसऱ्यांदा उघडून पाहिलं. नाव नव्हतं. यादी दोन क्रमांकापासून सुरू होत होती.

आठवडा सरला. पुढच्या सोमवारी सकाळपासून वीज नव्हती. मास्तरांना हायसं वाटलं. जानकूअण्णा पेपर उजेडाला धरून खिडकीशी बसले होते.

दहा वाजले...

टक्... टक्.

जानकूअण्णांनी पेपर खाली घेतला.

"मास्तर, लाइट न्हाई. मंग त्ये छापतंय कसं?"

कागद हळूहळू बाहेर येत होता.

सभासद क्र. १. अमृत. प्रतीक्षा : ७७ दिवस. मागणी...

तीन ओळी.

जानकूअण्णा चपला न घालताच निघून गेले. त्यानंतर ते वाचनालयात आलेले नाहीत. दोन्ही कागद मी स्वतः हातात घेऊन पाहिलेत. मला त्याचा अर्थ लावता येत नाही.

मास्तरांना मात्र तिसरी ओळ कुठली, ते कळलं होतं. त्यांनी खणातून पाकीट काढलं. या वेळी मसुदा केला नाही.

'अवसरीच्या वाचनालयाचा प्रोग्रॅम अमृतने एकट्याने लिहिला. सहा वर्षांत तो एकदाही बंद पडला नाही. अमृतचं पत्र मला ३ जुलैला पोचलं होतं.'

खाली सही.

आता या कागदानं कुणाला नोकरी लागणार नव्हती. चिमाबाईंना वाचता येत नाही. पोस्टमन दारात उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवील, तिन्ही ओळी, आणि तिच्या जिवाला जे थोडं बरं वाटलं होतं तेही जाईल. हे सगळं मास्तरांना ठाऊक होतं.

तरी ते पोस्टाच्या पेटीपाशी गेले. पेटी नुकतीच उघडून रिकामी केलेली होती. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, सोडलं आणि पत्र्याला कान लावला.

बराच वेळ ते तसेच उभे होते.

पाकीट तळाशी पडल्याचा आवाज... आला नाही.