चांदीचा एक डोळा

सकाळचा चहा झाला की मी वैजयंतीचा डोळा धूत असे. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी, तान्ह्या मुलांचा साबण, मलमलीचा तुकडा. तळहातावर तो डोळा शिंपल्यासारखा हलका लागे. त्याचा तपकिरी रंग तिच्या उजव्या डोळ्याशी जुळत नव्हता. समस्त भारतीय स्त्रियांचे डोळे एकाच छटेचे असतात, अशी तो बनवणाऱ्याची शास्त्रशुद्ध समजूत असावी.

साल १९८४. वाशीतल्या आमच्या इमारतीला अजून रंगाचा वास येत होता. गॅलरीतून खाडी दिसे आणि तिच्या अलीकडे, नव्या सेक्टरांच्या आखणीत अडचण ठरलेले जुने गाव. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. आम्हाला मूल नव्हते.

माझ्या पत्नीच्या डाव्या डोळ्यातला कर्करोग उशिरा कळला, कारण एका नामांकित डॉक्टरांनी वर्षभर तिच्या चष्म्याचे नंबर बदलण्यात विद्वत्ता खर्च केली. डोळा काढल्यावर दुसऱ्या एका विद्वानांनी मला व्हरांड्यात नेले आणि शेजाऱ्यांची भानगड सांगावी तशा आवाजात सांगितले, की हा रोग पुढे यकृतात उतरतो. उतरला तर हाती काही राहत नाही. तेव्हापासून ठरावीक काळाने तपासणी करायची आणि पुढच्या तपासणीपर्यंत जगायचे, असा आमचा क्रम झाला. मला राग येत होता म्हणणे अचूक नाही. राग फळ्यावर लिहिलेल्या विधानासारखा समोर होता. मी तो वाचत होतो.

भांडी घासायला त्या गावातली गोजरा येई.

"बाय, आमचे गावदेवीला चांदीचं डोलं वाहा," एकदा ती म्हणाली. "डोल्याच्या दुखन्याला समदी वाहतान."

"अगं, पण माझा एकच गेलाय," वैजयंती हसली. "दुसरा चांगला आहे, तो कशाला देवीच्या नजरेस आणून द्यायचा? एकच वाहीन."

गोजराचा हात थांबला. "जोरीच वाहाची असते, बाय. एक कवा वाहत नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय."

वैजयंतीचा मुद्दा मला तर्कशुद्ध वाटला. सोनाराने जोडीच्या पत्र्यातून एक डोळा कापून दिला. देवळात पुजाऱ्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, दुसरा कुठे आहे असे विचारले आणि मग शेंदरात दाबून बसवला.

काही दिवसांनी, दुपारी पडल्या पडल्या वैजयंती म्हणाली, "अहो, डावीकडे कुणीतरी वाकलं."

काढलेल्या डोळ्याला काही काळ दिसत राहते, हे मी वाचले होते. मेंदू जुनी सवय सोडत नाही. मी तिला त्यावरचे उतारे वाचून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हातारी आहे," मग ती म्हणाली. "हिरवं लुगडं. कपाळ अगदी जवळ आणलं तिनं."

काल देवळात कुणी म्हातारी आली होती का, असे दुसऱ्या दिवशी मी गोजराला सहज विचारल्यासारखे विचारले. "सखूआत्या आलती काल देवलान," ती म्हणाली. "हिरवं लुगरंच नेसलेली. तुमाला कनी सांगतलं?" त्यानंतर वैजयंतीच्या खोलीवरून जाताना गोजरा डोक्यावर पदर घेऊ लागली.

प्रत्येक योगायोगाची परीक्षा घेता येते. मी कॉलेजातून परस्पर देवळात गेलो. आत कुणी नव्हते. तेलाचा आणि खारट ओलीचा वास होता. मी चष्मा काढला, त्या चांदीच्या डोळ्यासमोर धरला आणि पुन्हा घातला.

घरी आलो तेव्हा वैजयंती तांदूळ निवडत होती.

"मला कसला चष्मा लावत होतात?" ती म्हणाली. "तुमचा नंबर वेगळा आहे, प्रोफेसर."

मी खुर्चीवर बसलो. ती निवडत राहिली.

"मी तो काढून आणतो," मी म्हणालो.

"नको. असू दे. तिथे दुखत नाही."

मग दुपारी ती उजवा डोळाही मिटून घेऊ लागली. कोण आले, कोण गेले ते सांगे. नवस फेडायला आलेले, लग्नाचे जोडपे, कधी नुसतेच मांजर. तिच्या चेहऱ्यावर आजारपणापूर्वीची टवटवी आली होती. मी हरकत घेतली नाही.

तपासणीचा निकाल आला. यकृत स्वच्छ होते. व्हरांड्यातले विद्वान या खेपेस खोलीतच, मोठ्याने बोलले: "आता निर्धास्त राहा." पुलावरून बस येत असताना वैजयंतीने खिडकीची काच उघडली. वारा खात ती घरापर्यंत गुणगुणत होती.

जेवण झाले. ती पलंगावर आडवी झाली. मी शेजारी बसलो. तिने उजवा डोळा मिटला.

"आलात," ती म्हणाली.

"मी इथे आहे."

"देवळात. आज चष्मा नाही दाखवलात. नुसतेच उभे आहात."

"एकटाच?"

"एकटेच." ती थोडा वेळ पाहत राहिली. "केस का काढलेत हो? मिशीसुद्धा. बरं नाही दिसत."

मी डोक्यावरून हात फिरवला. केस होते.

"ओलं आहे डोकं," डोळा न उघडता ती मायेने म्हणाली. "पुसा आधी. सर्दी होईल."