भोरड्यांची राखण

"हलू नका."

हे ऋषिराजचं राणीशी पहिलं वाक्य. असल्या वाक्यावर कुणी प्रेमात पडत नाही, राणीही पडली नाही. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून ती सांगलीच्या आमराईत सहज पाय मोकळे करायला आली होती, आणि एक अनोळखी तरुण डोळ्यांना दुर्बीण लावून सरळ तिच्याकडे बघत होता.

"आवं, असं काय बघताय?"

"तुमच्याकडं न्हाई... वर. ढोलीत पिंगळ्यांची जोडी हाय."

राणीने मान वर केली. ढोलीतून चार पिवळे डोळे तिच्याकडे रोखून बघत होते. पिंगळे तिने जन्मापासून पाहिले होते, पण त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने बघणारा माणूस मात्र आजच पाहत होती.

तो साताऱ्याकडचा, उसाच्या बागायती घरातला. सांगलीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक होता. थंडीच्या दिवसांत दर रविवारी सात-आठ जणांना घेऊन आमराईत पक्षी दाखवत फिरायचा. नखांत ग्रीस असायचं, पण दुर्बीण धरायचा ती तान्ह्या बाळासारखी.

"पुढच्या रविवारी या की. पक्षी आवडतात न्हवं?"

"लय," राणी म्हणाली.

घोटाळा झाला तो इथंच. राणी जत तालुक्यातली. तिचे वडील बिराप्पा मेंढरं राखायचे आणि पावसावरची ज्वारी करायचे. कणसं दुधात आली की शेताच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधायचे आणि हातात गोफण देऊन राणीला वर चढवायचे. त्या घरात पाखरू म्हणजे वर्षाच्या भाकरीवर आलेलं संकट! त्यातही भोरड्या... काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या, थंडीत कुठून कुठून येणाऱ्या. थवा उतरला की रान साफ. राणीने त्यांना घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आता हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? घरट्यातून पडलेल्या पिल्लासाठी अर्धा दिवस झाडाखाली बसून राहणारा माणूस तो. गोफणीचं कळलं तर पुन्हा बोलायचा नाही, असं तिने मनात पक्कं धरलं. म्हणून ती गप्प राहिली, आणि तो भोरड्यांबद्दल सांगायचा ते सगळं नव्याने ऐकल्यासारखं ऐकत राहिली.

दुर्बीण देता-घेता बोटाला बोट लागायचं. दोघंही ते लक्षात आलं नाही असं दाखवायची.

"दिसला का तांबट?"

"दिसला की."

"कुठल्या फांदीवर?"

"...हिरव्या."

"राणी, दुर्बीण उलटी धरलीया तुमी."

असे तीन महिने गेले. मार्चातल्या एका रविवारी त्याने सांगितलं, "भोरड्या आता परत निघतील. पुढच्या थंडीपर्यंत आपली फेरी बंद." राणीने बोटांवर महिने मोजले. थंडीपर्यंत? म्हणजे आज बोलायचं, नाहीतर गप्प घरी जायचं.

त्या दिवशी फेरी संध्याकाळची होती. जुन्या चिंचांवर भोरड्या मुक्कामाला यायच्या. सगळे झुडपाआड बसले. फेरीतल्या रिटायर सुभेदार लालासाहेबांनी तर हुकूमच सोडला, "श्वास बी हळू घ्यायचा."

आधी कृष्णेच्या अंगाला आभाळात नुसता एक डाग दिसला. मग तो वाढला, पसरला... आणि आवाज आला, वाळल्या कडब्यातून वारा जावा तसा. हजारो भोरड्या एकदम चिंचांवर उतरल्या. फांद्या वाकल्या.

तो आवाज कानात शिरला आणि राणी आमराईत राहिलीच नाही. ती माळ्यावर होती, बारा वर्षांची. ताडकन उठली, हात डोक्यावर गरगरा फिरला —

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽऽ!"

आणि चिंचाच उडाल्या.

निदान तसंच वाटलं. सगळा थवा एकाच वेळी आभाळात गेला. वर जाऊन वळला, दुमडला, उलगडला. एका वळणावर काळाभोर दिसे, दुसऱ्या वळणावर मावळतीचं ऊन पोटांवर पडून सगळं आभाळ गुलाबी होई. इतकी हजारो पाखरं, पण एकाचा पंख दुसऱ्याला लागत नव्हता. ज्यांना तिने जन्मभर हाकललं, ती इतकी देखणी होती? माळ्यावर असताना तिला कधी वर बघायला सवडच मिळाली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

थवा सावकाश पुन्हा चिंचांवर उतरला. लालासाहेब टोपी हातात घेऊन उभे होते. "पोरी," ते एवढंच म्हणाले, आणि रागवायचं विसरून बाकीच्यांना घेऊन पुढे चालू लागले.

ऋषिराज तिथेच राहिला. राणीने खाली बघत सांगून टाकलं. "मी माळ्यावरनं ज्वारी राखायची. गोफणीनं ह्यांनाच हाकलायची. तुमाला कळलं तर... म्हणून बोलली न्हाई."

"सहा वर्सं येतोय मी हितं," तो हळूच म्हणाला. "गप बसून बघितलं सगळं. असं कवाच दिसलं न्हाई." मग त्याला हसू आलं. "आमच्याकडं नुसता ऊस. भोरडी मी पैल्यांदा पुस्तकात बघितली. आन् मी तुमाला शिकवतोय... तुमी ऐकून घेताय?"

"तुमी सांगत हुता. ऐकावं वाटत हुतं."

तो जरा घुटमळला. "माळ्यावर... दोघांना जागा असती का?"

"असती. पर तुमी हाकलणार न्हाई, बघत बसाल. सगळी ज्वारी जाईल."

"तुमी हाकला. त्या उडाल्या की मी बघतो." नखांतलं ग्रीस उगाच खरवडत तो म्हणाला, "जन्मभर बघतो, राणी... तुमच्या वडलांना भेटायला येऊ का? थंडीची वाट बघवायची न्हाई मला."

तो उत्तराची वाट बघत, अवघडून, पाय हलवत उभा.

"हलू नका," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थिजला. डोळे वर करून कुजबुजला, "काय हाय? ढोलीत?"

"ढोलीत काय न्हाई," राणी म्हणाली. "तुमच्याकडंच बघतीया."