नकाराचं वजन

कलमापन केंद्राच्या पायऱ्या चढतानाच डॉ. मृणाल बेहेरे यांचा पारा चढलेला होता. दारावरच्या फलकावर तळेगिरी शहराचे त्या दिवशीचे कलांक झळकत होते. नागरिकांसाठी एक, व्यापाऱ्यांसाठी एक आणि डॉक्टरांसाठी एक. डॉक्टरांसाठीचा कलांक होता सदुसष्ट. त्या दिवसाची सुरुवातच मुळी सदुसष्टानं झाली होती. सकाळी एका भल्या डॉक्टरनं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या कामाबद्दल नितांत आदर आहे, पण सदुसष्ट म्हणजे जरा जास्तच होतं."

शून्य कलांक म्हणजे शहर पुरतं बदलवाल्यांचं, शंभर म्हणजे पुरतं राखणवाल्यांचं. राखणवाल्यांना आहे ते जपायचं होतं, बदलवाल्यांना ते मोडून नवं मांडायचं होतं. हे भांडण तसं जुनंच. पण काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून प्रत्येक शहराला आकडा चिकटवायची कल्पना निघाली, आणि तेव्हापासून माणसं नोकरी, घर, मुलांची शाळा, इतकंच काय लग्नाचं स्थळसुद्धा गावाचा आकडा विचारून ठरवू लागली. तळेगिरीचं पाणी गोड होतं, हवा चांगली होती, घरं स्वस्त होती. ते विचारतो कोण?

मृणालबाई शहरातल्या एकमेव बालहृदय विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली दोन वर्षं बधिर होत चालली होती. शस्त्रक्रिया आणखी फार तर महिनाभर करता येणार होत्या. तोवर त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तर विभागाला टाळं लागणार होतं. मग निळी पडलेली तान्ही बाळं घाट उतरून चार तासांच्या वाटेनं न्यायची, आणि त्यातली काही वाटेतच जाणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षं त्या माणूस शोधत होत्या आणि दोन वर्षं 'नाही' ऐकत होत्या. आता त्यांचं डोकं फिरायची वेळ आली होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. इब्राहिम तांबोळी गणिती होते, तळेगिरीतच वाढलेले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मृणालबाई बसल्या नाहीत.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय, तांबोळी. मी पंचवीस वर्षं या गावात राहतेय. माझ्या गल्लीत अर्धे राखणवाले आहेत, अर्धे बदलवाले. संध्याकाळी सगळे एकाच कट्ट्यावर बसून भांडतात. सदुसष्ट आणला कुठून?"

"कट्ट्यावरची भांडणं यंत्र मोजत नाही," तांबोळी शांतपणे म्हणाले. "सुरुवातीला मतं विचारून पाहिली होती. लोक तोंडाला येईल ते सांगतात. मग आम्ही बिऱ्हाडं मोजायला लागलो. माणूस बोलण्यात खोटं बोलेल, पण बिऱ्हाड हलवताना बोलत नाही. प्रत्येकाचा स्वतःचा कल यंत्राकडे असतोच. कुठल्या कलाचा माणूस कुठल्या गावाला 'हो' म्हणतो आणि कुठल्या गावाला 'नाही', यावरून गावाचा कलांक निघतो."

"म्हणजे नकारसुद्धा धरता?"

"नकार तर आधी धरतो. चांगली नोकरी समोर आलेली असताना माणूस ती सोडतो, म्हणजे गावाबद्दलचं त्याचं मत पक्कं असणार. बदलवाल्यानं नकार दिला की कलांक वर जातो, राखणवाल्यानं दिला की खाली येतो. आणि जो येणारच अशी यंत्राची खात्री असते, त्यानं नकार दिला तर त्याचं वजन सगळ्यांत जास्त."

मृणालबाई आता बसल्या. तांबोळींनी भिंतीवरच्या पडद्यावर डॉक्टरांचा कलांक काढला. दोन वर्षांपूर्वी तो एकावन्न होता. तिथून रेघ जी वर निघाली होती, ती थेट सदुसष्टापर्यंत.

"या दोन वर्षांत तळेगिरीला बाहेरून तज्ज्ञ डॉक्टर बोलावले ते फक्त तुमच्या विभागानं," ते म्हणाले. "ही रेघ तुमची आहे, डॉक्टर."

"मी बोलावले किती, तर अकरा जण."

"नकार मात्र त्याच्या तिपटीनं आहेत."

हे कसं झालं ते बाईंच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. तळेगिरीत पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी 'नको' मानत नाही. पंगतीत पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढायची, ही इथली रीत. पहिल्या 'नाही'वर गप्प बसणं म्हणजे मनातून बोलावलंच नव्हतं असं सांगणं. बाईंनीही प्रत्येक डॉक्टरला पुन्हा विचारलं होतं, आणि मग पुन्हा एकदा. नेमणुकीचं सगळं बोलणं सरकारी नेमणूक-वाहिनीवरूनच करायचा नियम, आणि ती वाहिनी थेट यंत्राला जोडलेली.

"अहो, तो आग्रह होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथलेच ना? तुम्हाला कळायला नको?"

"मला कळतं. यंत्र इथलं नाही. त्याच्या लेखी प्रत्येक 'नाही' नवा आहे."

म्हणजे आपणच आग्रह करकरून गावाचं नाव घालवलं. दोन वर्षं दुसऱ्यांना शिव्या दिल्या, त्या सगळ्या आता घरी परत आल्या. मृणालबाईंना रडू आलं असतं, पण संताप इतका होता की रडायला जागा उरली नव्हती.

तांबोळी पडद्याकडे बघत होते. "एक विचारू? हे अकराही जण बदलवाले आहेत. शस्त्रक्रिया करणारा राखणवाला एकही सापडला नाही?"

बाईंनी सांगून टाकलं. सापडला होता. डॉ. सदानंद हुपरीकर, तळेगिरीचाच मुलगा. त्याची आई अजून बाजारपेठेत एकटी राहत होती. हाताला उत्तम. त्यानं स्वतः तीनदा अर्ज केला होता आणि बाईंनी तीनदा तो बाजूला सारला होता. गाव आधीच तसलं म्हणून बदनाम, त्यात आणखी एकाची भर कशाला, असं त्यांनी समितीला सांगितलं होतं. मनातलं कारण याहून सोपं होतं. बाई पक्क्या बदलवाल्या होत्या आणि रोज सकाळी चहाला समोर तसला माणूस त्यांना नको होता. गेल्या काही वर्षांत त्यांच्या मतांची मित्रमंडळी एकेक करून आकडा बघून गाव सोडून गेली होती. निदान आपला विभाग तरी आपल्यासारखा राहावा, असं त्यांना फार वाटे.

"मग त्याला विचारा," सगळं ऐकून तांबोळी म्हणाले.

"आकडा आणखी चढेल."

"चढू दे. शस्त्रक्रिया आकडा करणार आहे का?"

मृणालबाईंनी तिथूनच वाहिनीवर हुपरीकरांना फोन लावला.

"बोला मॅडम," हुपरीकरांचा आवाज सावध होता.

"सदानंद, आमच्याकडची जागा अजून रिकामी आहे. तुम्ही याल का?"

ते म्हणाले, "नको मॅडम. राहू द्या आता. तुम्हाला उगीच अडचण व्हायची."

पण फोन त्यांनी ठेवला नाही. ते थांबले होते. ही थांबण्याची रीत बाई चांगली ओळखत होत्या. ताटावर हात आडवा धरलेला, पण बोटं सैल.

तेवढ्यात पडद्यावरची रेघ हलली. जन्म तळेगिरीचा, आई तळेगिरीत, तीन अर्ज तळेगिरीला. हा माणूस येणारच याबद्दल यंत्राला काडीचीही शंका नव्हती, आणि त्यानं नकार दिला होता. रेघ कोसळत कोसळत अठ्ठावन्नावर येऊन थांबली.

अठ्ठावन्न. डॉ. रेवती मांजरेकर हे नाव बाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या अकरांतलीच एक, देशातल्या पहिल्या पाचांत गणली जाणारी, बोलायला बसलं की रात्र पुरू नये अशी, त्यांच्याच मतांची. ती म्हणाली होती, "साठच्या खाली आला की कळवा. सामान बांधून तयार असेन."

तांबोळी हातानं खुणावत होते. पुन्हा विचारा, पुन्हा विचारा. हुपरीकर अजून फोनवरच होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. आणखी एकदा विचारलं असतं तर ते आले असते, आणि आकडा पुन्हा साठच्या वर गेला असता. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, तांबोळींना ठाऊक होतं, हुपरीकरांना तर होतंच. साऱ्या गावाला कळलं असतं. कळलं नव्हतं ते फक्त यंत्राला.

ज्या बाईंनी यायला तयार नसलेल्यांना तीन तीनदा आग्रह केला, त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुमची मर्जी."

"बरं," हुपरीकर म्हणाले. मग जरा थांबून, "आईला सांगतो तसं." आणि त्यांनी फोन ठेवला.

"त्यानं नकार दिला नव्हता," तांबोळी म्हणाले.

"तुमच्या यंत्रानं तर तसंच मोजलं."

तांबोळींनी मान फिरवली. मृणालबाईंना लाज वाटत होती, आणि लाजेच्या बरोबरीनं सुटल्यासारखंही वाटत होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्यांना जास्त चीड आली. पण विभाग वाचला होता. बाळं घाट उतरणार नव्हती. मनाशी हे घोकत त्यांनी दुसरा फोन लावला.

रेवतीनं आकडा आधीच पाहिला होता. तिचा आवाज आनंदानं भरून आला होता.

"मी आले म्हणून समजा, मॅडम. इकडे सगळे तुमच्या गावाचंच बोलताहेत. तळेगिरी आता सगळ्यांना सामावून घेणारं शहर झालं म्हणतात. एका दिवसात एवढं कसं हो बदललं? केलंत तरी काय तुम्ही?"

मृणालबाईंनी फोन डाव्या हातात घेतला.

"तुम्ही कधी येताय, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.