रुमालाखालचा भाव

आत्याची कंबर धरली नसती, तर भाची मासळीच्या घाऊक बाजारात कशाला फिरकली असती? पण आत्याच्या दुकानासाठी कोळंबी हवी होती. ओल्या फरशीवर तोल सावरत ती लिलावाच्या ओट्याशी पोचली, तोच तिथल्या तरुण दलालाने रुमाल पसरला आणि त्याखाली तिचा हात धरला. ती किंचाळलीच!

"अहो, भाव सांगा..." तो हसू दाबत म्हणाला. "माझ्या पणजोबांपासून इथे भाव बोटांनीच सांगतात. शेजारच्याला कळू नये म्हणून."

"आणि हात धरलात तो?"

"सगळ्यांचाच धरतो. त्या मिशीवाल्या काकांना विचारा."

आत्याची कंबर बरी झाली, तरी बाजाराला भाचीच जाऊ लागली. बोटांची घासाघीस संपली, तरी त्याचा अंगठा जरासा रेंगाळायचा — निदान तिला तसं वाटायचं. खरंच रेंगाळतो, की आपणच वेड्यासारखं धरून बसलोय? या विचाराने तिची झोप उडाली होती.

त्यात आता उद्यापासून लिलावासाठी भिंतीवर संगणकाचा पडदा सुरू होणार होता. बटण दाबायचं, भाव द्यायचा. रुमाल बंद. तो वरच्या मजल्यावर काचेआड बसणार. सगळा बाजार कुरकुरत होता; तिच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. आज बोलले नाही, तर कायमचं राहून जाईल.

तिचा नंबर आला. रुमालाखाली त्याचा हात बर्फाने गार पडला होता.

"भाव?"

तिची बोटं हललीच नाहीत.

"अहो, मागे लोक खोळंबलेत..." तो पुटपुटला. हात मात्र त्यानेही सोडला नाही.

"मला कोळंबी नकोय."

"मग?"

"कळत नाही तुम्हाला?"

"कळतं हो," त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण वाटायचं... माझ्याच मनाचे खेळ असतील."

तिने दुसऱ्या हाताने रुमाल ओढला.

"अगं, काय करतेस!" मिशीवाले काका ओरडले. "सौद्याआधी रुमाल काढणाऱ्याला दिवसभर कुणी माल देत नाही इथे!"

"नको देऊ देत," ती म्हणाली. भर बाजारात दोघांचे गुंतलेले हात तिने तसेच राहू दिले. तो कानापर्यंत लाल झाला.

"दुकान आज बंद राहणार," ती हळूच म्हणाली. "आत्याला काय सांगू?"

"मी येतो ना बरोबर," तो म्हणाला. "मीच सांगतो."